थोरल्याची मूठ

पहिल्याच ठोशात धाकट्याचा जबडा निखळला. दोन दात उडाले. त्यातला एक खिडकीतून जाऊन शेजारच्या कोंबड्याला लागला आणि कोंबडा महिनाभर आरवला नाही, असं शेजारी अजून शपथेवर सांगतात.

भांडण अंगठ्याएवढ्या शंखाचं. पिवळ्या पाठीवर तपकिरी जाळी. तसला शंख बापानं जन्मभर शोधला आणि न सापडताच मेला. धाकट्यानं तो त्याच सकाळी समुद्राच्या तळातून वर आणला. वाटणी जुनी होती. धाकट्यानं बुडी मारायची, शंख उकळून रिकामा करायचा. थोरल्यानं घासून चमकवायचा आणि बुडाशी नाव कोरायचं. स्वतःचं. गुडघ्यापलीकडच्या पाण्यात तो कधी गेला नव्हता.

"याच्यावर माझं नाव येणार," चुलीवर पातेलं ठेवत धाकटा म्हणाला. थोरल्यानं बादलीतून शंख उचलून मुठीत आवळला.

"दादा, थांब, अजून तो..."

तेवढ्यात तो ठोसा पडला. मग दुसरा, तिसरा, सगळे त्याच मुठीचे. स्टूल मोडलं. कपाट आडवं झालं. धाकटा रक्त थुंकत त्या मुठीलाच लोंबकळला, उरलेसुरले वरचे दात तिच्यात रोवू लागला.

"चावतोस, कुत्र्या?" हाताला झोंबलं तसं थोरल्यानं मूठ आणखी आवळली.

वहिनी धावत आली. "भावजी, सोडा त्यांचा हात! एवढ्याशा शंखापायी जीव घेता का?" धाकट्यानं "आ... आ..." करत मुठीकडे बोट दाखवलं. वहिनीनं त्याच्या पाठीत झाडू मोडला.

दहावा ठोसा हलका पडला. अकरावा थोपटल्यासारखा. बारावी मूठ धाकट्याच्या गालावर नुसतीच टेकली आणि घसरली. थोरला भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या पापण्या मिटू लागल्या.

वहिनीचे डोळे भरून आले. "बघितलंत ना भावजी? कितीही झालं तरी पाठचा भाऊ. पाझर फुटला हो त्यांना!"

चुलीवरचं पाणी आत्ता कुठं उकळू लागलं होतं. थोरल्याची मूठ उघडली आणि तिच्यातून शंख आपला आपण चालत बाहेर निघाला.

धाकट्यानं दोन्ही हातांनी जबडा धरला आणि कटकन बसवला.

"गाडी बोलवा, वहिनी! विष भिनलंय त्याला. शंखाचा मालक अजून आतच आहे."