ठासणीची बंदूक

हरणांच्या शिकारीचा मोसम आठवड्यावर आला होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या दुकानात हार्लनने ठासणीच्या चार बंदुका खांद्याला लावून पाहिल्या. नेम, नळी, वजन, दुकानदार बोलतच होता. हार्लनने एकच विचारलं, "संध्याकाळी रिकामी करायला बार उडवावा लागतो का?"

"या तिघींना लागतो. हिचं मात्र मागचं बूच फिरवायचं, दारूगोळी मागून बाहेर. आवाज नाही की धूर नाही. काकू खूश होतील बघा, काका!"

हार्लन हसला नाही. हरिण मिळालं नाही, की अंधार पडताना ओढ्याकाठच्या मातीत बार उडवायचा आणि टेकडी उतरायची, हे चाळीस वर्षं चाललेलं. तो आवाज ऐकला की खाली घरात त्याची बायको डेल्फिया मक्याचा पाव ओव्हनमध्ये सरकवायची. हा दारात पोचायचा तेव्हा पाव ताटात गरम असायचा.



"हीच द्या," तो म्हणाला. "मागच्या मोसमातही बार उडवला आणि सवयीनं भराभर घरी गेलो. तिला पुरून तेव्हा महिना झाला होता."