डायरेक्टली

लग्न कधी करायचं, असं लव्हडेने विचारलं की जोरी जाळं विणता विणता म्हणायचा, "डायरेक्टली." शनिवारी बंदराच्या धक्क्यावर तिचा संयम संपला.

"अरे, या शब्दाचा मूळ अर्थ सरळ रेषेत. त्यावरून पुढे झाला, कुठेही न थांबता, लगेच. आणि आपण कॉर्नवॉलच्या लोकांनी काय केलं? तोंडाने लगेच म्हणायचं आणि बूड हलवायचं नाही. शेवटी शब्दाचाच अर्थ झाला, बघू कधीतरी!"

"मास्तरीणबाई, शब्द बिघडवला आमच्या आजा-पणज्यांनी आणि ओरडा मला?"

"मग तू कर ना दुरुस्त."

"करतो की."

"कधी?"

जोरीने नुसतं हसून जाळ्याला गाठ मारली. लव्हडे पाय आपटत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना आटोपली आणि पाद्रीबाबांनी रिवाजाप्रमाणे, लग्नासाठी ज्यांनी नावं नोंदवली होती ती वाचायला घेतली. एकच जोडी होती. जोरी ट्रेव्हॅस्किस आणि लव्हडे पास्को. "या लग्नाला कुणाची हरकत असेल, तर आत्ताच सांगा."

लव्हडे ताडकन उभी राहिली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मागच्या बाकावर जोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुझीच हरकत आहे, पोरी?" पाद्रीबाबांनी चाचरत विचारलं.

"हरकत कसली, पाद्रीबाबा! तेवढं एकदा परत वाचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही."