बाईच्या हातचे बैल

चांदूर बाजारच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पैज लावण्याआधी लोक पंजाबरावांकडे येत. पंजाबराव बैलांकडे बघतही नसत. जोडी कोणी तयार केली आणि कासरा कोणाच्या हातात आहे, एवढंच विचारत. मागच्या सगळ्या पटांचे निकाल त्यांना तोंडपाठ होते आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. त्या साली कापसाला सोन्याचा भाव आला होता; पैजाही तशाच लागत होत्या.

शेवटची शर्यत त्यांच्या स्वतःच्या जोडीची होती. कासरा मुलाच्या, किसनच्या हातात. समोर नत्थुजींनी तयार केलेली जोडी, आणि ती हाकायला भगवंत.

"मी भगवंतावर लावतो," पंजाबराव म्हणाले. "माझी नवी दमणी गाडी, रेशमी गादीसकट."

"सोताच्या पोरावर नाही?" शेजारी बसलेल्या खुशालरावांनी विचारलं.

"नत्थुजीचे बैल अन् भगवंताचा हात, हे दोन एकत्र आले का हरत नाहीत. किसन अजून एकही पट जिंकला नाही. अन् आमचे बैल तयार केले सुनेनं. बाईच्या हातचे बैल पटात कोनं पाह्यले? ज्याचा हिशोबच नाही, त्याच्यावर कावून लावू?"

खुशालरावांनी मांडीवर थाप मारली. "मंग मी तुमच्या सुनेवर लावतो. माझी घोडी."

सून वच्छला शर्यत संपते त्या टोकाला बायकांत उभी होती. हरले तर उद्यापासून हे बैल उमरावतीला कापूस वाहतील, असं सासऱ्यांनी सकाळीच बजावलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "मामाजी, त्याईले पराणी लावू देऊ नका."

जोड्या सुटल्या. पहिल्याच झपाट्यात भगवंत पुढे गेला. किसननं बैलांना टोचायची हातातली पराणी भिरकावून दिली. ते पाहून पंजाबरावांनी मान खाली घातली.

मग एकाएकी गलका थांबला. त्यांनी वर पाहिलं. किसननं कासराही सैल सोडला होता. बैल माना लांब करून, पोट भुईला टेकल्यासारखे येत होते. धुरळा त्यांना गाठू शकत नव्हता. भगवंताची जोडी जिवाच्या आकांतानं पळत होती आणि तरी मागे मागेच जात होती.

पंजाबराव बघतच राहिले. जन्मभर पटात येऊन त्यांनी बैल पळताना पाहिलेच नव्हते.

शर्यत संपली तरी बैल थांबले नाहीत. बायका बाजूला पळाल्या. वच्छला जागची हलली नाही. तिच्यापुढे येऊन ते आपोआप उभे राहिले आणि दोघांनी तिच्या पदरात तोंडं खुपसली.

खुशालराव दमणीबद्दल काहीतरी बोलत होते. पंजाबरावांना ते ऐकू आलं नाही. ते उठले, पायांतल्या वाहाणा तिथेच काढून ठेवल्या आणि अनवाणी बैलांकडे चालत गेले.