राणीचा तिसरा अवतार

टीव्हीवर रक्तपिपासू राणीचा नवा, डब केलेला सिनेमा लागला आणि मोठ्या जाऊबाईंनी नाक मुरडलं. "पहिली राणी नुसती हसली तरी धडकी भरायची. दुसरी निदान देखणी तरी होती. ही म्हणजे भिजलेलं मांजर! आणि आवाज? रक्त पिणार आहे की खोकल्याचं औषध पाजणार?"

सासूबाई खो खो हसल्या. धाकट्या सुनेने मान खाली घातली. बाजाराचं निमित्त सांगून, चोरून स्टुडिओ गाठून, तो आवाज तिनेच दिला होता. आज घरात सांगून पुढच्या सिनेमाला होकार कळवायचा होता. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

पडद्यावर राणीने सुळे दाखवले. "ये... माझ्या कुशीत ये..."



खेळणं टाकून धाकटीचं बाळ रांगत टीव्हीपाशी गेलं आणि राणीपुढे दोन्ही हात वर करून म्हणालं, "आई!"