चार दात

बेल्ह्याच्या बैलबाजारातले जुने दलाल धर्माजी यांची हयात गेली ती दुसऱ्यांच्या बैलांचे दात बघून वय सांगण्यात. भाव मात्र ते कधी तोंडानं बोलायचे नाहीत. हातावर उपरणं टाकायचं, खालून समोरच्याची बोटं दाबायची, जितकी बोटं तितका आकडा, की सौदा झाला.

हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, तेव्हा सरुबाईंनी नवऱ्याला ओढतच जुन्नरला नेऊन सूरज डॉक्टरांच्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी छातीवर रुमाल पसरला आणि तोंडात आरसा घातला.

"बाकीचे दात साफ करून, औषधानं टिकतील बाबा. पण हे हलणारे चार काढावेच लागतील."

"काढा की," सरुबाई म्हणाल्या, "न्हाईतरी भाकर दुधात कुस्करूनच खात्यात."

चार दात गेले तर बाजारात आपलंच वय उघडं पडणार, अशी धास्ती धर्माजींना पडली. तोंडात आरसा, बोलायची सोय नाही. त्यांनी रुमालाखाली डॉक्टरांचा हात ओढला आणि हळूच दोनच बोटं दाबली.



दलालाच्याच घरात वाढलेल्या डॉक्टरांनी, चेहरा जराही न हलवता, खालून त्यांची पाचही बोटं दाबली.