दिवेलागणीच्या आत

टेकडीवरच्या देवीची घंटा वाजली आणि विश्वासरावांचे पाय थबकले. झालं! दुपारपासून हा माणूस या गल्लीत येरझारा घालतोय, मानाजीकडे उसने पैसे मागायला. आणि लाजता लाजता दिवेलागण झाली. दिवा लागल्यावर घरातली लक्ष्मी कोणी बाहेर देत नाही. मागणाऱ्यानंही मग तोंड उघडायचं नसतं, उगाच समोरच्यावर नाही म्हणायची पाळी येते.

पण पहाटे धारला निघायलाच हवं होतं. विनोदिनीचं पहिलं बाळंतपण. परवा नववा लागला की सासरचे तिला हलवू देणार नव्हते. लेक वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि बापाकडे गाडीभाड्याचीही सोय नाही.

गल्लीत घरोघर दिवे लागले होते. मानाजीचं घर तेवढं काळोखात.

"या भावजी, आत या," दारातून सुभद्रावहिनींचा आवाज आला. "उंबरा जपून. आमच्याकडे अजून दिवा लागायचाय. तेल संपलंय मेलं."

विश्वासराव चाचपडत ओटीवर बसले. तोंड दिसत नव्हतं म्हणून की काय, दिवसभर घशात अडकलेलं एका दमात बोलून गेले. कधी फेडणार तेही सांगायला लागले, पण मानाजीनं ऐकूनच घेतलं नाही. तो उठला, फडताळ करकरलं, आणि विश्वासरावांच्या हातात एक पुरचुंडी आली. गाठ मारून तयार ठेवलेली.

"आत्ता मोजू नकोस रे भिया, अंधारात चुकशील," मानाजी म्हणाला. "आधी पोरीला घेऊन ये."

विश्वासरावांचे डोळे भरून आले. कोणाला दिसले नाहीत ते बरंच झालं.

कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्यांना वाटलं, आपल्यासाठी एवढं केलं आणि बिचाऱ्यांच्या देवापुढं अंधार! घरून पळीभर तेल तरी आणून द्यावं. भांडं मागायला ते तसेच मागं फिरले.

दार उघडंच होतं. देवापाशी समई लख्ख तेवत होती, तेलानं काठोकाठ भरलेली. तिच्यापुढं सुभद्रावहिनी हात जोडून बसल्या होत्या.

"रागावू नकोस गं माये," त्या लक्ष्मीला सांगत होत्या. "भावजींचा पायच लवकर उचलेना, त्याला आम्ही काय करणार?"