डाव्या हाताची गाठ

शेडमध्ये टेबलांच्या दोन रांगा होत्या. बंद पडलेल्या मिठाच्या खाणीतून निघालेले सगळे सांगाडे त्यांवर मांडले होते. डाव्या रांगेतल्यांना देवाच्या नावानं मारलं होतं. उजव्या रांगेतल्यांना अकरा वर्षांनी, देवबिव सगळं झूट म्हणणाऱ्या पक्षानं. खाण तीच.

हाडं साफ करणारी बाई ब्रशनं मनगटावरचं मीठ झाडत होती. मिठानं दोऱ्याही कुजू दिल्या नव्हत्या. प्रत्येकाचे हात अजून बांधलेलेच होते.

अहवाल लिहायला आलेले दोन प्राध्यापक चहाचे कप घेऊन मधल्या वाटेत उभे होते. एक आस्तिक, एक नास्तिक.

"तुमच्या भक्तांचे अडतीस," नास्तिक म्हणाला.

"आणि तुमच्या क्रांतीचे एकेचाळीस. तीननं पुढे आहात, अभिनंदन!"

"अहो, तुम्हाला हजारो वर्षं मिळाली. आमच्या लोकांना जेमतेम शंभर."

"तेवढ्यात एवढा उरक? कमाल आहे."

दोघंही हसले.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाऊन झालं असेल तर सरका," बाई म्हणाली. "दारात माणूस उभा आहे."

म्हातारा होता. काखेत घडी केलेली धुतलेली चादर. "बापाला न्यायला आलोय," तो म्हणाला. "आईच्या शेजारी जागा ठेवलीय."

"त्यांना कोणी नेलं?" आस्तिकानं वही काढली. "धर्मवाल्यांनी की पक्षवाल्यांनी?"

"जीप दोन्ही वेळा आली होती. पहिल्या वेळी परत आणून सोडलं."

"ओळख काय, काका?" बाईनं विचारलं. "सोन्याचा दात, मोडलेलं हाड, काहीतरी?"

 म्हातारा डाव्या रांगेनं चालू लागला. कवट्यांकडे त्यानं बघितलंच नाही. तो मनगटं बघत होता. तिसऱ्या टेबलापाशी थांबला आणि दोरीचं एक टोक चिमटीत धरून ओढलं.

"हात लावू नका!" बाई ओरडली. तोवर गाठ सुटली होती. हाडं हलकेच दोन बाजूंना पडली. चार दिवस खटपट करूनही तिला अशी एकही गाठ सोडवता आली नव्हती.

"ही कशी सोडलीत?"

"पोत्याची गाठ आहे, पोरी. माझा बाप इथंच मिठाच्या पोत्यांची तोंडं बांधायचा. डावखुरा. शेपूट उलटीकडून आत घालायचा. दुसऱ्या कुणाला जमली नाही. मला शिकवली होती." त्यानं दोरी टेबलावर ठेवली. "सोडवायलाच फक्त."

 बाईनं टेबलावरची तिची वही हळूच उघडली. एकेका सांगाड्याच्या आकड्यापुढं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: गाठ डावी. गाठ डावी. गाठ डावी. पानंच्या पानं. इतके दिवस तिला वाटत होतं, इकडं अशीच बांधत असतील.

म्हातारा पुढं सरकला. डावी रांग संपली. उजवी सुरू झाली. तीच गाठ.

"म्हणजे दोन्ही वेळा तुमच्या वडिलांनीच..." नास्तिकानं कप खाली ठेवला. "पण ते होते कुणाच्या बाजूचे? देव मानायचे? की पक्षात होते?"

"हमाल होता," म्हातारा म्हणाला. "बोलावलं की जायचा."

आस्तिकाची पेन्सिल वहीवर टेकली होती. लिहायला दोन रकाने होते. ती कुठल्याच रकान्यात उतरेना.

उजव्या रांगेच्या शेवटच्या टेबलापाशी म्हातारा थांबला. या मनगटांना दोरीचे सातआठ वेढे होते. कसेही, एकावर एक, आणि वर गाठींचा गुंता. घाईत, कुणा अडाण्यानं मारलेला.

त्यानं चादर जमिनीवर पसरली. तिच्या सुरकुत्या हातानं सपाट केल्या.

"हा," तो म्हणाला.

"कशावरून, काका?"

"ही एकच गाठ त्याची नाही."

मग तो ती सोडवायला लागला. सुटेना.